दुभाषा, कारभारी, पुढारी : लोकशाहीतील अभिजनांच्या भूमिकेचा तोरणमाळवरून घेतलेला आढावा

१. प्रश्न कुठून सुरू होतो

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालो की आधी ऊस, केळी, पपईची सपाट शेते लागतात. मग घाट सुरू होतो. लोक त्याला सातपायरी म्हणतात. तो चढून वर आलो की यशवंत तलावाचे पाणी दिसते आणि हवा बदलते. खालच्या सपाटीवर काही घराण्यांच्या हाती जमीन, पाणी, कारखाना आणि शिक्षणसंस्था आहेत. वर पठारावर आणि पलीकडे नर्मदेच्या दिशेने उतरणाऱ्या डोंगरांत पावरा-भिल्लांची घरे पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहेत. मतपेटीत दोन्हीकडच्या माणसांचे मत एकाच वजनाचे असते. ते मत देऊन झाल्यावर, पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणाचा शब्द किती चालतो, हा या लेखाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी या परिसरातल्या एका ग्रामसभेत मी बसलो होतो. ग्रामसेवक घरकुलांची ‘ड’ यादी मराठीत वाचत होते. समोर बसलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना पावरी समजत होती, कागदावरची मराठी अर्धीमुर्धीच. बारावी झालेला एक तरुण बाजूला उभा राहून सांगत होता. ग्रामसेवकांची चार वाक्ये झाली की त्याचे एक व्हायचे. मधेच एका म्हातारीने काहीतरी विचारले, बरेच लांबलचक. त्यात तिचा मुलगा होता, गुजरातेतली ऊसतोड होती, पडलेली भिंत होती, एवढे मला हातवाऱ्यांवरून कळले. तरुणाने ते ग्रामसेवकांना तीन शब्दांत सांगितले : “नाव का नाही?” त्यात त्याची लबाडी नव्हती, त्याला वेळ वाचवायचा होता. तरी त्या दुपारी कोणाचे किती ऐकले जाणार, हे त्याच्या हातात होते.

समाजशास्त्र ज्याला ‘अभिजन’ म्हणते त्याची सुरुवात मला त्या तरुणात दिसते. मराठीत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत : श्रेष्ठीजन, प्रस्थापित, पुढारी, कारभारी, आणि अलीकडचे साखरसम्राट, शिक्षणसम्राट. प्रत्येक शब्दात आदर आणि राग वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेला आहे. येथे ‘अभिजन’ हा शब्द मी साध्या अर्थाने वापरतो : संख्येने थोडे, पण जमीन, शिक्षण, पद, पैसा किंवा भाषा हाताशी असल्याने ज्यांचा निर्णयांवर संख्येपेक्षा मोठा प्रभाव पडतो असे लोक. लोकशाहीत अशा लोकांचे स्थान काय असावे, यावर सव्वाशे वर्षे वाद चालू आहे. त्या वादाची पार्श्वभूमी, सातपुड्यात त्याने घेतलेले रूप, मुख्य भूमिका, उपलब्ध पुरावे आणि मोकळे राहिलेले प्रश्न या क्रमाने पुढे पाहू.

२. विचारांची पार्श्वभूमी

युरोपात हा प्रश्न शास्त्रीय भाषेत प्रथम मांडला तो इटलीतल्या दोघांनी. गाएतानो मोस्का यांनी 1896 मध्ये लिहिले की कोणत्याही समाजात राज्य करणारा वर्ग लहान असतो, कारण थोडे लोक संघटित होऊ शकतात आणि पुष्कळ लोक विखुरलेले राहतात. विल्फ्रेदो पारेतो यांनी त्यात अभिजनांच्या अभिसरणाची कल्पना घातली : जुने थकतात, नवे वर येतात, पण थर कायम राहतो. रॉबर्ट मिशेल्स यांनी 1911 मध्ये जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष काढला. समतेसाठी स्थापन झालेल्या संघटनेतही कार्यालय, निधी आणि माहिती ज्यांच्या हाती असते तेच अखेर संघटना चालवतात. याला त्यांनी अल्पसत्तेचा पोलादी नियम म्हटले.

पुढच्या पिढीने लोकशाहीची व्याख्याच बदलून पाहिली. जोसेफ शुंपीटर यांच्या 1942 च्या मांडणीत लोकशाही म्हणजे मतांसाठी अभिजनांमध्ये चालणारी स्पर्धा, आणि लोकांचे काम त्यांतून निवड करण्याचे. सी. राइट मिल्स यांनी 1956 मध्ये दाखवले की अमेरिकेत उद्योग, लष्कर आणि राजकारण यांच्या शिखरावरची माणसे एकमेकांत गुंतलेली आहेत. रॉबर्ट डाल यांनी न्यू हेवन शहराचा अभ्यास करून 1961 मध्ये उलट मांडले : वेगवेगळ्या प्रश्नांवर वेगवेगळे गट प्रभावी असतात, एकच गट सगळीकडे नसतो. त्यावर बॅकरॅक आणि बॅराट्झ यांनी 1962 मध्ये महत्त्वाची हरकत घेतली. निर्णय कोण घेतो हे पाहून भागत नाही, कोणता विषय चर्चेला येऊच दिला जात नाही हेही पाहावे लागते. म्हातारीचा लांब प्रश्न तीन शब्दांचा झाला तेव्हा या हरकतीचा अर्थ मला नेमका कळला.

महाराष्ट्राला हा वाद परका नव्हता. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी त्यात बोट ठेवले आणि प्राथमिक शिक्षण थेट बहुजनांपर्यंत नेण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी अज्ञानी शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कामगारवर्गाचे, म्हणजे सरकारी नोकरशाहीचे, चित्र रेखाटले. मधल्या माणसाचा प्रश्न त्यांनी मोस्कांच्या आधी ओळखला होता. संविधान सभेत तो दोन अंगांनी आला. जयपालसिंग मुंडा यांनी डिसेंबर 1946 मध्ये सांगितले की आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, ती त्यांच्या जगण्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. एक आवाज लोकांच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा आणि दुसरा भोवतालच्या रचनेबद्दलच्या सावधगिरीचा. आपल्याकडची पुढची चर्चा या दोघांच्या दरम्यान फिरते.

३. सातपुड्यातले थर

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी, म्हणजे धडगाव, तालुक्यात आहे. धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 होती, त्यात अनुसूचित जमाती सुमारे 69 टक्के. साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. येथे अभिजन एकाच प्रकारचे नाहीत. ते थराथराने आले, आणि नवा थर आला म्हणून जुना पुसला गेला नाही.

पहिला थर डोंगरातल्याच मानकऱ्यांचा. इंग्रजी अमलात पश्चिम खानदेशात काठी, सिंगपूर, गव्हाळी यांसारखी मेवासी संस्थाने होती. ती स्वातंत्र्यानंतर संपली, पण काठीच्या राजवाडी होळीला आजही हजारो लोक रात्रभर डोंगर चालून येतात. गावपातळीवर पाटील, कारभारी, पुजारा आणि पंच यांचा मान होता. भांडण मिटवणे, लग्नाचे देणेघेणे ठरवणे, सणाचा दिवस धरणे ही कामे त्यांची.

दुसरा थर सपाटीवरचा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत गुजर, पाटीदार, राजपूत शेतकऱ्यांनी कष्टाने बागायती शेती उभी केली. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातपुडा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 मध्ये घालून दिलेल्या वाटेचाच हा उत्तरेकडचा विस्तार. मात्र सावकारी, गहाणखते आणि फसवे व्यवहार यांतून भिल्लांच्या पुष्कळ जमिनी याच सपाटीवर गेल्या, आणि जमिनीचे मालक त्याच शेतांवर सालदार झाले.

त्याला उत्तर म्हणून तिसरा थर वर आला. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारूबंदी आणि शुद्ध आचरणाची चळवळ चालवली होती. ‘आप की जय’ हे तिचे अभिवादन. सर्वोदयाच्या वातावरणात घडलेला भिल्ल तरुण अंबरसिंग सुरतवंती पुढे जमिनीच्या प्रश्नावर उभा राहिला. 1971 मध्ये पाटीलवाडीत भिल्लांवर झालेल्या हल्ल्यानंतर हा प्रश्न राज्यभर गाजला. 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. तीत कुमार शिराळकरांसारखे शहरातून आलेले शिकलेले कार्यकर्ते होते आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे भिल्ल समाजातले तरुणही. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देणारा राज्याचा कायदा 1974 चा, तो 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला. त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता.

चौथा थर निवडून आलेल्या आदिवासी नेतृत्वाचा. नंदुरबारची लोकसभेची जागा आणि जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. माणिकराव गावित येथून नऊ वेळा लोकसभेवर गेले. 2014 मध्ये विजयकुमार गावित यांच्या कन्या हिना गावित निवडून आल्या, 2024 मध्ये के. सी. पाडवी यांचे पुत्र गोवाल पाडवी. प्रतिनिधित्व आदिवासींच्या हाती आले, आणि त्याबरोबर राज्यात इतरत्र दिसणारी घराण्यांची रीतही आली.

पाचवा थर अधिकारी, शिक्षक, ठेकेदार आणि स्वयंसेवी संस्थांचा. तो निवडून येत नाही, पण योजनेचा पैसा त्याच्या हातून जातो. वर सांगितलेला दुभाषा तरुण या थराच्या उंबऱ्यावर उभा आहे.

४. पहिली भूमिका : अभिजनांशिवाय चालत नाही

ही भूमिका मांडणारे म्हणतात की लोकशाहीला संस्था लागतात, आणि संस्था उभ्या करायला दृष्टी, भांडवल आणि वेळ असलेली माणसे लागतात. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा त्यांकडे नेतृत्वाची शाळा म्हणून पाहिले गेले. सहकारी कारखाने, दूध संघ, शिक्षणसंस्था यांतून ग्रामीण भागात नवे नेतृत्व घडले. बी. एस. बावीसकर यांनी कोपरगाव परिसरातल्या साखर सहकाराचा अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध केला. तेथील राजकारण केवळ लुटीचे नव्हते, गटांची स्पर्धा असूनही कारखाना चांगला चालत होता, हे त्यातून दिसते.

चळवळींबद्दलही हाच युक्तिवाद होतो. सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. मणिबेलीसारख्या गावाचा प्रश्न जागतिक बँकेपर्यंत गेला, 1992 मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला आणि 1993 मध्ये बँकेचे कर्ज थांबले. नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे इंग्रजी, कायदा आणि माध्यमे यांची ओळख नसती तर डोंगरातला आवाज वॉशिंग्टनला पोहोचला नसता, असे या बाजूचे लोक म्हणतात. कागदाच्या राज्यात कागद वाचणारा माणूस आपल्या बाजूने असणे ही गरीब माणसाची पहिली गरज आहे, हा या भूमिकेचा गाभा.

५. दुसरी भूमिका : अभिजन वाट अडवतात

दुसरी बाजू याच उदाहरणांकडे उलट दिशेने पाहते. जयंत लेले यांनी 1981 च्या ग्रंथात महाराष्ट्राच्या राजकारणाला अभिजनांच्या बहुविधतेआड चाललेली वर्गसत्ता म्हटले. गट अनेक असतात, ते एकमेकांशी भांडतातही, पण भांडण एका प्रबळ वर्गाच्या आतच राहते. अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्याच्या अभ्यासातून 1974 मध्ये दाखवले की गावातली मते उभ्या साखळ्यांनी बांधली जातात : वरचा नेता, मधला कार्यकर्ता, खालचा मतदार.

या बाजूचा अलीकडचा मोठा पुरावा महाराष्ट्राचाच आहे. सिवन अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोतवाल यांनी राज्यातल्या 220 गावांची पाहणी करून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या गावांत जमीन प्रबळ जातीच्या हाती एकवटली होती, तेथे निवडणुका नियमित होत होत्या आणि लोक समाधानही व्यक्त करत होते, पण गरिबांसाठीच्या योजना कमी पोहोचत होत्या. अडीनडीला मदत करणाऱ्या जमीनदारालाच मजूर मत देतो, आणि रोजगार हमीचे काम आले तर मजुरी वाढेल म्हणून ते काम गावात येतच नाही. शहाद्याच्या सालदारांच्या इतिहासाशी हे वर्णन जुळते.

चळवळींनाही हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि तो आतून विचारला गेला हे मला विशेष वाटते. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता याच प्रश्नाभोवती उभी आहे. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून कोण बोलतो आणि आदिवासी कुठे बसलेला असतो, हे ती नोंदवते. ज्या संघटनेत ते घडले तिच्या जगातूनच ही कविता आली, आणि संघटनेशी असलेली निष्ठा तिने मोडली नाही. नर्मदेच्या आंदोलनाबद्दल अमिता बावीसकर यांनी 1995 च्या पुस्तकात असाच सूर लावला. आंदोलनाची भाषा आदिवासींचे जे चित्र रंगवते आणि डोंगरातला माणूस स्वतःचे जगणे जसे पाहतो, त्यांत फरक असतो, असे त्यांना आढळले.

६. तिसरी भूमिका : अभिजन बदलते ठेवावेत

तिसऱ्या बाजूला अभिजन नकोत असे म्हणायचे नाही, आणि जे आहेत ते पुरेत असेही म्हणायचे नाही. तिचे साधन आरक्षण आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींत महिला, अनुसूचित जाती व जमातींना जागा दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात पंचायतीच्या सर्व पातळ्यांवरची अध्यक्षपदे जमातींसाठी ठेवली. अक्राणी संपूर्ण तालुका या क्षेत्रात येतो.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर ड्यूफ्लो यांनी 2004 मध्ये बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरून दाखवले की महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी महिलांनी मागितलेल्या कामांवर खर्च वाढतो. साद गुलझार, निकोलस हास आणि बेंजामिन पास्क्वाल यांनी 2020 मध्ये अनुसूचित क्षेत्रांचा अभ्यास केला. तेथील आरक्षणामुळे जमातींना रोजगार हमीचे काम अधिक मिळाले आणि इतर दुर्बळ गटांचे त्यात नुकसान झाले नाही, वाटा कमी झाला तो आधीपासून सुस्थितीत असलेल्यांचा, असे त्यांना आढळले. थॅड डनिंग आणि जान्हवी निलेकणी यांना मात्र 2013 मध्ये कर्नाटक, राजस्थान, बिहारमध्ये आरक्षणाचा लाभवाटपावर परिणाम क्षीण दिसला. पक्ष आणि त्यांच्या साखळ्या जातीच्या ओळी ओलांडून काम करतात, हे त्यांनी त्याचे कारण दिले.

७. चौथी भूमिका : ग्रामसभेकडे परत

चौथी भूमिका प्रतिनिधीपेक्षा सभेवर भर देते. पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला केंद्रस्थानी आणले. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. तिथली आणखी एक गोष्ट अभिजनांच्या प्रश्नाला सरळ भिडते. शिकलेल्या आणि बाहेरच्या माणसांसाठी तेथे वेगळा अभ्यासगट आहे. माहिती मांडणे, चर्चा घडवणे हे अभ्यासगटाचे काम, निर्णय ग्रामसभेचा. जाणकाराला जागा दिली, पण त्याची खुर्ची निर्णयाच्या खोलीबाहेर ठेवली.

सातपुड्यात ही कल्पना वनहक्काच्या फायलीतून तपासता येते. ग्रामसभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान दोन तृतीयांश जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. दंडाची जुनी पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. मग स्थळपाहणी, पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. कायद्याने वृद्धाच्या आठवणीला कागदाइतके वजन दिले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती आठवण मराठीत उतरवून घ्यावी लागते, चतु:सीमा लिहाव्या लागतात, गट क्रमांक जुळवावा लागतो. ज्याला ते येते त्याच्या दारात सकाळपासून माणसे बसतात. अनेक गावांत अशा तरुणांनी एक पैसा न घेता रात्री जागून फायली केल्या आहेत. त्याच कामातून उद्याचा सरपंच घडतो आणि उद्याचा दलालही घडू शकतो.

या भूमिकेवरचा मुख्य आक्षेप असा की सभाही निर्मळ नसते. परंपरेने पंचांमध्ये बायका बसत नव्हत्या. सर्वसहमतीच्या नावाखाली दबलेला माणूस गप्प राहू शकतो. मिशेल्सचा नियम पक्षाला लागतो तसा गावालाही लागू शकतो.

८. पुरावे कुठवर नेतात

चारही बाजू एकत्र ठेवल्या तर तीन गोष्टींवर बरेच एकमत दिसते. पहिली, जमिनीची मालकी एकवटलेली असेल तर निवडणूक एकटी पुरत नाही. दुसरी, आरक्षणाने पदावरची माणसे बदलतात हे निश्चित, लाभाची दिशा बदलणे मात्र कायदा, पक्ष आणि स्थानिक रचना यांवर अवलंबून असते. तिसरी, वरच्या पातळीवर अभिजनांचा प्रभाव प्रगत लोकशाहीतही ओसरलेला नाही. अमेरिकेत मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांनी 1,779 धोरणात्मक प्रश्न तपासून 2014 मध्ये दाखवले की धनिक आणि संघटित हितसंबंधी गटांच्या पसंतीचा धोरणावर जितका परिणाम होतो तितका सामान्य मतदारांच्या पसंतीचा होत नाही. तेव्हा हा प्रश्न मागास भागाचा मागासपणा नाही, लोकशाहीच्या साऱ्या घराचा आहे. सातपुड्यात तो कमी आडोशाने दिसतो इतकेच.

मतभेद उरतो तो काळाबद्दल. अभिजन संक्रमणापुरते असतात आणि शिक्षण पसरल्यावर विरघळतात, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते एक थर विरघळेपर्यंत दुसरा साचतो. महाराष्ट्रातल्या सहकाराचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा अनुभव दोघांनाही आपापल्या बाजूने वाचता येतो.

९. अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न जमातींच्या आतला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1 ऑगस्ट 2024 रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यातल्या चार न्यायमूर्तींनी जाती-जमातींमध्येही उन्नत गट वेगळा काढावा, असे मत नोंदवले. केंद्रीय मंत्रिमंडळाने लगेच सांगितले की संविधानात तशी तरतूद नाही. नंदुरबारात भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांपर्यंत शाळा आणि नोकरी एकाच वेळी पोहोचलेली नाही. आरक्षणाचा लाभ काही घरांत पुन्हा पुन्हा जातो, ही तक्रार डोंगरात ऐकू येते. उलट, एका पिढीच्या नोकरीने शतकांचा अपमान पुसला जात नाही आणि मोजके शिकलेलेच बाहेरच्या अन्यायापुढे उभे राहू शकतात, हे उत्तरही तितकेच गंभीर आहे.

दुसरा प्रश्न हजेरीचा. दिवाळीच्या आसपास या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला आणि इतर कामांना जातात आणि उन्हाळ्याकडे परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला मग कोण असते? ज्यांना पोटासाठी गाव सोडावे लागत नाही ते. थेट लोकशाहीतही घरी राहू शकणाऱ्यांचा एक अभिजनवर्ग तयार होतो, यावर कायद्याकडे अजून नीट उत्तर नाही.

तिसरा प्रश्न तोरणमाळचाच. थंड हवेचे ठिकाण म्हणून येथे पर्यटन वाढावे असे सगळ्यांनाच वाटते. पण हॉटेल, वाहने, जमिनीचे भाव आणि ठेके आले की सत्तेचा आणखी एक थर येतो. तो पाड्यातून वर येईल की घाट चढून खालून येईल, हे आताच ठरत आहे.

चौथा प्रश्न भाषेचा, आणि माझ्या मते बाकीच्यांचे मूळ त्यात आहे. नर्मदा आंदोलनाने डोंगरात चालवलेल्या जीवनशाळांनी पावरी-भिलोरीपासून सुरुवात करून मुलांना मराठीकडे नेण्याचा प्रयत्न केला. सरकारी कामकाजात मात्र सभेचे इतिवृत्त, ठराव, नोटीस, सातबारा सगळे मराठीतच आहे. ज्या लोकशाहीचा कागद लोकांच्या भाषेत नाही, तिथे मधला माणूस अटळ असतो.

१०. समारोप

हा आढावा घेताना कोणत्याही एका बाजूचा पूर्ण विजय मला दिसला नाही. पहिली भूमिका सांगते की दुभाषा हवा. दुसरी विचारते की त्याने काय गाळले. तिसरी म्हणते, दुभाषा बदलता ठेवा. चौथीला सभेलाच कागद वाचता यायला हवा आहे. या चार गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, त्या एकाच कामाच्या चार पायऱ्या असू शकतात. अभिजनांची कसोटी मला एवढीच लावावीशी वाटते : त्यांनी सांगितलेले तपासून पाहण्याची सोय त्यांच्याचमुळे वाढते की कमी होते? अंबरसिंग, शिराळकर, जीवनशाळेतला शिक्षक, साखर कारखान्याचा अध्यक्ष, जिल्ह्याचा खासदार, सगळ्यांना हा प्रश्न सारखाच विचारता येतो, आणि कोणाचाही अपमान न करता विचारता येतो.

त्या दुपारची सभा संपली तेव्हा इतिवृत्ताची वही अंगठ्यांसाठी फिरू लागली. शाईची डबी म्हातारीपुढे आली. तिने अंगठा मागे घेतला आणि त्या तरुणाला काहीतरी म्हणाली, या वेळी थोडक्यात. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “विचारतेय, यात काय काय लिहिलंय.” मग तो वही घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि पहिल्या ओळीपासून सगळे पान तिला पावरीत सांगू लागला. आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या. ग्रामसेवकांनी पेनाचे टोपण लावले आणि ते थांबून राहिले.